घड्याळाने काय लिहून ठेवले आहे?

मनगटावरचे घड्याळ धावताना दर सेकंदाला नाडी, वेग आणि ठिकाण टिपत असते. ही नोंद यंत्राच्या भाषेत असते, पण ती साध्या मजकुरात आणता येते, दुरुस्त करता येते आणि पुन्हा यंत्राच्या भाषेत नेता येते. हृदयाची खरी तक्रार आणि यंत्राची चूक वेगळी करताना ही सोय कामी येते. निष्काळजीपणे वापरली, तर हीच सोय आजार पुसूनही टाकते.

मुंबईचे शिवाजी पार्क असो, पुण्याची वेताळ टेकडी असो किंवा साताऱ्याहून कासकडे जाणारी चढण असो, पहाटे धावणाऱ्यांच्या मनगटावर आता घड्याळ असतेच. घरी पोहोचल्यावर चहाचा कप हातात घेऊन मोबाइलवर आलेख पाहायचा, हाही व्यायामाचाच भाग झाला आहे. या आलेखात कधीतरी एक सुळका दिसतो. समजा, वय ५२ आणि नाडीचा आकडा मिनिटाला २२६. धावताना धडधड जाणवली नव्हती, चक्कर आली नव्हती, छातीत काही झाले नव्हते. तरी आकडा समोर आहे.

अशा वेळी माणसे दोन टोकांना जातात. एक जण त्याच दिवशी घाबरून धावणे सोडतो. दुसरा ‘यंत्र आहे, चुकणारच’ म्हणून आलेख बंद करतो. पहिल्याचा व्यायाम विनाकारण सुटतो आणि दुसऱ्याचा एखादा खरा इशारा हातून निसटतो. यापेक्षा चांगली वाट म्हणजे मूळ नोंद उघडून पाहणे. मोबाइलवरचा आलेख हा त्या नोंदीचा सारांश असतो. बऱ्याचदा तो गुळगुळीत केलेला असतो, काही सेकंदांची सरासरी काढलेली असते. मूळ नोंद घड्याळात किंवा सेवेच्या खात्यात एका फाइलीत सुरक्षित असते आणि त्या फाइलीचे नाव बहुधा ‘डॉट फिट’ या तीन अक्षरांनी संपते.

तेवीस बाइटांचा एक सेकंद

‘फिट’ हे नाव तंदुरुस्तीवरून आल्यासारखे वाटते, पण ते ‘फ्लेक्सिबल अँड इंटरऑपरेबल डेटा ट्रान्सफर’ याचे लघुरूप आहे. म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांना आपापसात समजेल अशी माहितीची रचना. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या डायनास्ट्रीम या कंपनीने ती घडवली. छातीच्या पट्ट्यापासून घड्याळापर्यंत ठोके बिनतारी पोहोचवणारे ‘एएनटी’ हे तंत्रही याच कंपनीचे. गार्मिनने २००६ मध्ये ही कंपनी विकत घेतली. आज गार्मिनबरोबरच वाहू, कोरोस, सुंटो यांच्या उपकरणांमधूनही या रचनेत नोंद मिळते. सगळ्यांचा मार्ग मात्र हा नाही. अ‍ॅपलच्या घड्याळाची माहिती हेल्थ अ‍ॅपमधून बाहेर काढली की ती एक्सएमएल नावाच्या मजकूररूपात येते, आणि फिटबिटची व्यवस्था स्वतंत्र आहे.

ही नोंद बायनरीत का ठेवतात, याचे उत्तर जागेच्या हिशेबात आहे. एका सेकंदाच्या नोंदीत वेळेला ४ बाइट, अक्षांशाला ४, रेखांशाला ४, उंचीला २, नाडीला १, पावलांच्या गतीला १, अंतराला ४ आणि वेगाला २ बाइट लागतात. बेरीज २२. नोंद कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारा एक बाइट सुरुवातीला धरला की २३. तासाभराच्या धावण्याचे ३,६०० सेकंद धरले, तर सगळे मिळून ८२,८०० बाइट होतात. मोबाइलमधल्या एखाद्या साध्या फोटोपेक्षाही ही जागा कितीतरी कमी आहे. हेच सगळे अक्षरांत लिहायचे ठरवले, तर नुसता वेळेचा दहा अंकी आकडाच दहा बाइट खाईल. छोटी बॅटरी आणि मर्यादित स्मृती असलेल्या घड्याळाला ही उधळपट्टी परवडत नाही.

फाइलीची मांडणी सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीसारखी असते. नोंदवहीत पानाच्या माथ्यावर रकान्यांची नावे एकदाच लिहितात: क्रमांक, नाव, वय, तक्रार, औषध. खाली फक्त माहिती भरत जातात. फिट फाइलीतही आधी ‘व्याख्या’ येते. पुढच्या ओळींत कोणते रकाने, कोणत्या क्रमाने आणि किती बाइटांचे आहेत, हे ती सांगते. त्यानंतर नुसते आकडे येतात. सगळ्यात आधी बहुधा १४ बाइटांचे शीर्षक असते. पुढे किती माहिती आहे ते त्यात लिहिलेले असते आणि फाइल याच जातीची असल्याची खूण असते. अगदी शेवटी दोन बाइटांची तपासणी बेरीज असते. मधला एखादा बाइट बिघडला, तर ती जुळत नाही आणि वाचणारी प्रणाली फाइल नाकारते.

आकड्यांचे वेगळे हिशेब

ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तर चित्रविचित्र चिन्हांचा ढीग दिसतो. आत सगळे नियमाने असते, पण नियम वेगळे असतात.

वेळेपासून सुरुवात करू. फिट फाइलीतले घड्याळ ३१ डिसेंबर १९८९ च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजते आणि तेही जागतिक प्रमाणवेळेनुसार. फाइलीत १०७४७२९६०० असा आकडा असेल, तर तो २१ जानेवारी २०२४ चा भारतीय वेळेनुसार पहाटेचा साडेपाचचा क्षण. त्या क्षणी जागतिक वेळेत बरोबर मध्यरात्र असते. म्हणजे भारतात पहाटे सव्वापाचला धावायला सुरुवात करणाऱ्याची नोंद जागतिक वेळेत आदल्या दिवशीची ठरते. ‘मी रविवारी धावलो आणि फाइल शनिवार दाखवते’ ही पहाटे उठणाऱ्यांची तक्रार इथून येते. साडेपाच तास मिळवले की वार जुळतो.

ठिकाणाचा हिशेब आणखी गमतीचा आहे. अक्षांश-रेखांश अंशांत न लिहिता अर्धवर्तुळाचे २१४ कोटींहून अधिक समान भाग करून त्या भागांत लिहितात. पुण्याचा साधारण अक्षांश १८.५२ अंश, फाइलीत तो २२०९५२२०६ असा दिसतो. रेखांश ७३.८५ अंश, तो ८८१०६४८१९ असा. अशा एका भागाचे जमिनीवरचे अंतर एका सेंटिमीटरहून थोडे कमी भरते. अर्थात लिहिण्याची पट्टी इतकी बारीक असली, तरी उपग्रहावरून मिळणारे ठिकाणच काही मीटर इकडेतिकडे असते. उंच इमारतींच्या मधून किंवा दाट झाडीतून जाताना फरक आणखी वाढतो. लिहिलेले अंक बारीक आहेत म्हणून मोजमापही तितकेच अचूक, असे समजू नये. हे नाडीलाही लागू आहे.

उंची लिहिताना मूळ रचनेत आधी ५०० मिळवतात आणि मग पाचाने गुणतात. मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे. तिथे धावणाऱ्याची उंचीही ऋण आकडा न वापरता लिहिता यावी, हा यातला फायदा. पुण्याची ५६० मीटर उंची अशा रीतीने ५३०० होते. ती दोन बाइटांत मावते: २० आणि १८०, कारण २० गुणिले २५६ अधिक १८० म्हणजे ५३००. बहुतेक यंत्रे यातला धाकटा बाइट आधी लिहितात. वाचणाऱ्याने क्रम चुकवला, तर ५३०० च्या जागी ४६१०० वाचले जातात आणि पुण्यात धावणारा माणूस ८,७२० मीटरवर, एव्हरेस्टच्या शिखराजवळ पोहोचतो. म्हणूनच हे भाषांतर हाताने करू नये. त्यासाठी बनवलेल्या साधनाकडूनच करून घ्यावे.

नाडीला एकच बाइट आहे. त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात आणि २५५ हा आकडा राखीव आहे. त्याचा अर्थ ‘मिनिटाला २५५ ठोके’ असा नाही, तर ‘वाचन मिळाले नाही’ असा आहे. घाईने लिहिलेल्या एखाद्या प्रणालीने ही खूण खरा ठोका समजून घेतली, तर सरासरी बिघडते आणि वापरणाऱ्याची झोप उडते.

बायनरीतून मजकूर

गार्मिन या रचनेची साधने विनामूल्य देते. त्यात ‘फिट-सीएसव्ही टूल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. संगणकावर जावा असेल, तर तो चालतो. आदेशात आडव्या रेघेनंतर इंग्रजी ‘बी’ लिहिले की तो बायनरी फाइल घेतो आणि स्वल्पविरामांनी तोडलेला मजकूर देतो. ‘सी’ लिहिले की उलट प्रवास होतो, मजकुरातून पुन्हा फिट फाइल तयार होते.

मिळालेला मजकूर वाचायला अवघड नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती व्याख्येची ओळ आहे की माहितीची, हे लिहिलेले असते. मग नोंदीचा प्रकार येतो आणि त्यानंतर तीन-तीनच्या गटात रकान्याचे नाव, किंमत आणि एकक. उंची इथे मीटरमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये आणि नाडी मिनिटाच्या ठोक्यांत मिळते. वेळ मात्र १९८९ पासूनच्या सेकंदांतच राहते आणि ठिकाण त्या अर्धवर्तुळाच्या भागांत.

नोंदींचे प्रकार ओळखले की अर्धे काम झाले. ‘रेकॉर्ड’ म्हणजे क्षणोक्षणीची नोंद. ‘लॅप’ म्हणजे एका टप्प्याचा सारांश. ‘सेशन’ म्हणजे संपूर्ण व्यायामाचा सारांश. एकूण अंतर, सरासरी नाडी, कमाल नाडी इथे असते. छातीचा पट्टा वापरला असेल आणि घड्याळात तशी सोय सुरू केली असेल, तर ‘एचआरव्ही’ नावाच्या ओळी येतात. त्यांत दोन ठोक्यांमधला काळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेला असतो. डॉक्टरच्या दृष्टीने फाइलीतला सगळ्यात बोलका भाग हाच.

सुळका खरा की खोटा?

मनगटावरचे घड्याळ नाडी कशी मोजते, हे माहीत असेल तर चूक शोधणे सोपे जाते. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त हा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचे रक्त क्षणभर वाढते आणि परतणारा प्रकाश तेवढा कमी होतो. ही चढउतार मोजून ठोके काढतात. अडचण अशी, की धावताना हातही लयीत हलतो आणि त्या हालचालीनेही प्रकाश लयीत कमीजास्त होतो. पट्टा सैल असेल, हात गार पडलेले असतील, तर रक्ताची लय दुबळी आणि हाताची लय जबर होते. मग घड्याळ ठोक्यांऐवजी पावले मोजू लागते.

मोबाइलच्या आलेखात हे कळत नाही. मजकुरात ते ओळीत दिसते. धावण्याच्या फाइलीत पावलांची गती एका पायाची लिहितात. ८४ हा आकडा म्हणजे दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १६८ पावले. आता नाडीचा रकाना पाहावा. तिथे १६८, १६९, १६८ असे आकडे दिसत असतील आणि पावले ८६ झाली की नाडीही १७२ होत असेल, तर संशयाला जागा राहत नाही. माणूस चालू लागला की दोन्ही आकडे एकाच क्षणी खाली येतात. खरी नाडी अशी एका सेकंदात उतरत नाही. तिला थोडा वेळ लागतो.

छातीच्या पट्ट्याची चूक वेगळ्या जातीची असते. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. त्वचा कोरडी असताना, म्हणजे घाम येण्याआधीच्या पहिल्या काही मिनिटांत, संपर्क नीट होत नाही. कृत्रिम धाग्याचा सैल शर्ट अंगावर फडफडला, तर स्थिर विद्युत तयार होते. अशा वेळी आकडा ९५ वरून एकदम २२० वर उडतो आणि घाम आला की आपोआप जाग्यावर येतो. पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून बांधली, तर ही तक्रार बऱ्याच अंशी जाते.

मात्र हृदयाच्या लयीचे काही आजारही अगदी असेच दिसतात. हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणाऱ्या जलद गतीच्या झटक्यात नाडी १३० वरून क्षणात १९० किंवा २०० वर जाते, काही मिनिटे जवळपास त्याच आकड्यावर टिकते आणि तशीच अचानक खाली येते. आलेखात हाही एक सुळका असतो. म्हणून आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारायच्या. त्या वेळी धडधड, घेरी, दम किंवा छातीत दुखणे जाणवले का? सुळका पावलांच्या गतीशी बांधलेला आहे का? आणि माणूस थांबल्यावरही तो चालूच राहिला का? पावले थांबली, वेग शून्य झाला, तरी नाडी दोनशेच्या घरात, असे ओळीओळीने दिसत असेल, तर ते घड्याळावर ढकलता येत नाही. त्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञाला भेटून ईसीजी करून घ्यायलाच हवा.

दोन ठोक्यांमधल्या काळाचा हिशेब आणखी बारीक उत्तर देतो. विश्रांतीत नाडी ७५ असेल, तर दोन ठोक्यांमध्ये साधारण ०.८० सेकंद असतात. मध्येच १.६० आले, म्हणजे बरोबर दुप्पट, तर बहुधा पट्ट्याकडून एक ठोका निसटला. ०.३० आणि ०.५० असे दोन आले आणि त्यांची बेरीज ०.८० भरली, तर पट्ट्याने मध्ये एक खोटा ठोका मोजला असण्याची शक्यता जास्त. पण ०.५० आणि लगेच १.१० आले, बेरीज १.६० भरली, तर तो वेळेआधी पडलेला ठोका आणि त्यानंतरचा विराम असू शकतो. असे अवेळी ठोके धडधाकट माणसांतही अधूनमधून पडतात; वारंवार पडत असतील, तर तपासणी हवी. आणि ०.६१, ०.९४, ०.५२, ०.७७ असे कोणताच मेळ नसलेले आकडे मिनिटेच्या मिनिटे चालत असतील, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा विचार करावा लागतो. निदान ईसीजीवरच होते. फाइल फक्त कुठे आणि कधी शोधायचे ते सांगते.

वयावरून कमाल नाडी काढून सुळका खोटा ठरवण्याचा मोहही आवरावा. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र ५२ वर्षांच्या माणसाला १६८ देते. २००८ पूर्वीपासूनच वापरात असलेले दुसरे सूत्र, २०८ वजा वयाच्या सात दशांश, सुमारे १७२ देते. दोन्ही लोकसमूहाच्या सरासरीवर बेतलेली आहेत. एखाद्या व्यक्तीची खरी कमाल त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असते. १८० दिसले म्हणून ते अशक्य ठरत नाही.

वेळेला आलेली किंमत

अशा नोंदीने उपचाराची दिशा ठरल्याचे एक उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सीचे आहे. ४२ वर्षांच्या एका पुरुषाला आकडी आल्यानंतर तातडीच्या विभागात आणले. त्याच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर सुरू होती. ही थरथर ४८ तासांहून जुनी असेल, तर हृदयात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. विजेचा झटका देऊन लय पूर्ववत केली, तर ती गुठळी मेंदूपर्यंत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. थरथर ताजी असेल, तर झटका देणे तुलनेने सुरक्षित. सगळा प्रश्न ती केव्हा सुरू झाली एवढाच होता आणि रुग्णाला ते सांगता येत नव्हते. त्याच्या मनगटावर फिटबिटचा पट्टा होता. मोबाइलमधल्या नोंदीत नाडी आधी सत्तरच्या आसपास होती आणि आकडीच्या सुमारास एकदम वाढलेली दिसली. थरथर काही तासांपूर्वीचीच असल्याचे धरून डॉक्टरांनी विजेचा झटका दिला आणि लय पूर्ववत झाली. २०१६ मध्ये आपत्कालीन वैद्यकाच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’ या नियतकालिकात हा रुग्ण नोंदवला गेला.

या निर्णयाचा आधार नोंदीतली वेळ आणि नोंदीतला चढ हाच होता. ‘आलेख घाण दिसतो’ म्हणून कुणी तो चढ आधीच कापून सरळ केला असता, तर डॉक्टरांच्या हाती काहीच उरले नसते.

दुरुस्ती केव्हा आणि कशी?

तरीही दुरुस्तीची खरी गरज पडते. धावणे संपल्यावर घड्याळ थांबवायचे राहून जाते आणि घरापर्यंतचा मोटारीचा प्रवास धावण्यात मोजला जातो. खोट्या २२६ ला घड्याळ नवी कमाल नाडी मानते आणि व्यायामाच्या तीव्रतेचे सगळे टप्पे वर सरकवते. मग माणूस ‘हलक्या’ टप्प्यात धावतो असे समजून प्रत्यक्षात जोरात धावत राहतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठरावीक नाडीच्या आत व्यायाम करायला सांगितलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते.

दुरुस्तीची पहिली अट म्हणजे मूळ फाइलीला हात लावायचा नाही. तिची प्रत करावी, प्रतीच्या नावातच ‘दुरुस्त’ असे लिहावे आणि काम प्रतीवर करावे. मजकूर उघडताना स्प्रेडशीटपेक्षा साधा मजकूर-संपादक बरा. स्प्रेडशीट मोठ्या आकड्यांचे रूप आपणहून बदलते, तारखेसारखे काही दिसले की त्याची तारीख करून टाकते आणि परतीच्या प्रवासात फाइल मोडते.

खोट्या ठोक्याच्या जागी मनाने १४२ किंवा १४५ भरणे हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात वाईट उपाय आहे. ते वाचन नव्हते, म्हणून तिथे ‘वाचन नाही’ हीच खूण, म्हणजे २५५, ठेवणे प्रामाणिकपणाचे. मोटारीचा प्रवास काढायचा असेल, तर त्या ओळी पूर्ण काढाव्यात. नुसता वेग कमी करू नये.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सारांश. क्षणोक्षणीच्या ओळी सुधारल्या, पण ‘लॅप’ आणि ‘सेशन’च्या ओळींत कमाल नाडी २२६ आणि एकूण अंतर मोटारीसकट तसेच राहिले, तर एक सेवा जुना आकडा दाखवते आणि दुसरी नवा. दोन्ही ठिकाणी मेळ घालावा लागतो. त्यानंतर साधनाला ‘सी’ आदेश द्यायचा. ते नवी फिट फाइल बनवते आणि शेवटची तपासणी बेरीज नव्याने मांडते. खातरजमा म्हणून ती नवी फाइल पुन्हा मजकुरात आणून पाहावी. हवे तेवढेच बदलले आहे ना, हे दोन मजकूर शेजारी ठेवले की कळते.

बेरीज जुळली म्हणजे नोंद खरी, असे नाही

तपासणी बेरीज नव्याने मांडता येते, याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. फाइल पाठवताना बिघडली का, एवढेच ती सांगते. कुणी जाणूनबुजून बदल केला का, हे ती सांगू शकत नाही. कारण बदल करणारे साधनच बदललेल्या मजकुराची नवी, अचूक बेरीज लिहून देते. ती कागदावरच्या पानांच्या क्रमांकासारखी आहे, सही-शिक्क्यासारखी नाही. म्हणून व्यायामाच्या नोंदीवर सवलत ठरणार असेल, स्पर्धेचा निकाल लागणार असेल किंवा औषधाची मात्रा बदलणार असेल, तर नुसती फाइल हा पुरावा अपुरा आहे. ईसीजी, होल्टर किंवा ट्रेडमिलवरची तपासणी ज्या देखरेखीखाली होते, ती देखरेख इथे नसते.

उलट बाजूही आहे. फाइल दुसऱ्याला देताना तिच्यात नाडीबरोबर घराचा पत्ताही जातो. पहिली ओळ बहुधा फाटकापाशीच सुरू होते. स्ट्राव्हा या सेवेने जगभरच्या धावण्या-फिरण्याच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या नकाशावर जानेवारी २०१८ मध्ये अफगाणिस्तान आणि सीरियातील लष्करी तळांच्या आतले धावण्याचे मार्ग उजळलेले दिसले, ते याच कारणाने. नकाशात एकाही सैनिकाचे नाव नव्हते. नुसत्या ठिकाणांनी तळ उघडे पडले. मैत्रिणीला, प्रशिक्षकाला किंवा समूहात फाइल पाठवायची असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही मिनिटांच्या ओळींतील अक्षांश-रेखांश काढून टाकणे ही मजकुरात आणून करण्याची अगदी योग्य दुरुस्ती आहे. घड्याळाचा अनुक्रमांकही फाइलीत असतो, हेही ध्यानात ठेवावे.

डॉक्टरकडे जाताना

प्रत्येकाने फाइली उघडत बसावे, असे मुळीच नाही. बहुतेकांना एवढे पुरे: घड्याळ मनगटाच्या हाडापासून थोडे वर आणि घट्ट बांधावे, नोंद ‘दर सेकंदाला’ अशी ठेवावी, लयीची शंका असेल, तर काही दिवस छातीचा पट्टा वापरावा. सुळका दिसला, तर त्याची तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय वाटले होते, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरकडे जाताना ही टिपण आणि न बदललेली मूळ फाइल न्यावी. दुरुस्त केलेली प्रत असेल, तर ती दुरुस्त केलेली आहे हे आधी सांगावे.

आणि धावताना छातीत दाब आला, घाम फुटून घेरी आली, शुद्ध हरपल्यासारखे झाले किंवा धडधड थांबल्यावरही शमली नाही, तर घड्याळातला आकडा कितीही शांत असो, फाइल पाहण्यात वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे रुग्णालय गाठावे. घड्याळातली नोंद नंतरही तशीच राहते.